दाराजवळचं कांबळं

सोमवार, कार्तिक वद्य पंचमी. सकाळी शिवाजी पेठेतल्या घरी हजर: इंदूअक्कांचे धाकटे भाऊ दत्तोबा, त्यांच्या पत्नी, वर्गातल्या हौसाबाई आणि मी. वर्गातल्या बाकी कुणी आल्या नाहीत. अक्का पहाटे दवाखान्यात वारल्या आणि कशानं वारल्या, ते पेठेत आमच्या आधीच पोचलं होतं.

आमच्याकडे पोरांना गल्लोगल्ली तालीम. बायकांना अंग मोकळं करायला जागा नव्हती. संस्थान विलीन झालं त्या सुमारास अक्कांनी दत्तोबांची माडी मागून घेतली. थोरल्या भावाकडून त्या आसनं शिकल्या होत्या. दुपारी, पुरुषमाणसं घरात नसताना, आम्ही नऊवारीचा काचा घट्ट मारून वर चढायचो. कुणाची पाळी चुकायची, कुणाला अंगावरून अति जायचं, कुणाची पाळी जाताना अंगाची नुसती आग व्हायची... अक्का प्रत्येकीला वेगळं द्यायच्या. कुणाला भद्रासन, कुणाला भुजंगासन, कुणाला भिंतीला पाय लावून नुसतं पडणं. मूल होईल असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. झोप लागेल, दुखणं हलकं होईल, एवढंच. हौसाबाईंनी सून शेवंताला आणलं तेव्हा तिची पाळी महिनोन्‌महिने यायची नाही. हळूहळू ती नेमानं येऊ लागली.

पाळीत बाजूला बसलेलीनं आसन करायचं नाही, दाराजवळच्या कांबळ्यावर शवासनात पडायचं, असा नियम होता. तिला कुणी शिवायचं नाही, काही विचारायचं नाही. गेल्या वर्षी त्या कांबळ्यावर अक्काच वरचेवर दिसू लागल्या. पन्नाशी त्यांनी केव्हाच ओलांडली होती. हौसाबाईंनी एकदा काढलंच, "अक्का, ह्या वयात बी? आमचं तर कवाच आटलं की." माडीभर हशा झाला. अक्काही हसल्या, म्हणाल्या, "नजर लावू नकोस गं." आणि पडल्या जागेवरून शेवंताला मान सैल सोडायला सांगितली.

शेवटी दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरांनी गर्भाशयातली गाठ जुनी असल्याचं सांगितलं. मी अक्कांना विचारलं, बोलला का नाहीत? त्या म्हणाल्या,

"उलटं होऊन बायकांची पिशवी सरकते, असं पेठ म्हणतेच आहे. मलाच रक्त जातंय कळलं असतं, तर एक सून जिना चढली नसती."

मग माझा हात धरून म्हणाल्या, "आता तू सांग. हे आसनानं झालं नाही. मी लपवलं म्हणून हाताबाहेर गेलं. पाळी जाऊन परत रक्त दिसलं, तर आसन नको, डॉक्टर गाठायचा. हौसाला आधी सांग."

दीड महिना झाला. माडी मी झाडून ठेवते, दुपारी सतरंजी घालते, कुणी येत नाही. हौसाबाई रस्त्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "शेवंता न्हाय यायची. अक्कांचंच बघा की काय झालं." भर रस्त्यात काय सांगणार? शेवंताची पाळी पुन्हा थांबली आहे, असं ऐकते. दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन आले. दोन्ही वेळा सोप्यात घरातले पुरुष बसलेले. "सहज आलते" म्हणून पाणी पिऊन परतले. हौसाबाईंना सांगायचं अजून राहिलं आहे.