लाल शाईचा कारकून

खालापूरच्या कचेरीतला तो कारकून माणसाशी कमी आणि कागदाशी जास्त बोलायचा. प्रत्येक वाक्याआधी "असं बघा" म्हणायचा, पण मान काही वर करायचा नाही. अर्जात चूक दिसली की लाल शाईनं काट मारायचा. आमी सगळे त्याला भ्यायचो.

आमच्या लोधिवलीतल्या परमिट रूमवाल्याला मागं हॉल वाढवून नाचगाणं सुरू करायचं होतं. हॉलची भिंत येणार बायकांच्या पाणवठ्याला लागून. माझ्या बायकोनं घरोघर फिरून हरकतीच्या अर्जावर अंगठे घेतले, पहिला स्वतःचा. अर्ज दिला आणि चौकशीची तारीख लागायच्या आत ती गेली.

तारखेला मी एकटाच गेलो. परमिट रूमवाला कारकुनाला म्हणाला, "भाऊसाहेब, अर्जदार बाई मेली की. आता अर्ज कसला? मारा काट."

कारकुनानं लाल पेन उघडलं. तिचा तो एवढाच अंगठा सरकारदरबारी होता.

त्यानं कागदावरचा आवकच्या तारखेचा शिक्का निरखला आणि मान वर करून मला विचारलं, "असं बघा, अर्ज दिला तेव्हा बाई हयात होत्या ना?"

"व्हय. हितंच उभी होती, माझ्या शेजारी."

"मग हरकत कायम," म्हणाला आणि पेनाला टोपण लावलं. परमिट रूमवाला लागला बडबडायला, तर त्याला म्हणाला, "तुमी बाहेर बसा."

पुढं साहेबांनी हॉल नामंजूर केला. तिच्या दिवसांना माणसं येऊन लई बोलून गेली. पण तिचा शब्द अजून चालतो, हे मला त्या एकट्यानं सांगितलं.