फक्कीच्या घरातला एक दिवस

ताईने घर बघायला बोलावलं म्हणून मी साताऱ्याहून एवढा प्रवास करून आलो, आणि चिंचोटीला पोचलो तर घराचा पत्ताच नाही! समोर रान, मागे डोंगर आणि जमिनीवर फक्कीच्या (चुन्याच्या भुकटीच्या) पांढऱ्या रेघा. मधोमध दाजी कमरेवर हात ठेवून उभे.

मी सरळ त्यांच्याकडे निघालो.

"अरे, भिंतीतून काय येतोस? दार तिकडे आहे."

मुकाट्याने वळसा घातला, दाराशी चपला काढल्या आणि दिवाणखान्यात पहिल्याच पावलाला काटा मोडून घेतला.

निवृत्त झाल्यापासून दाजींनी निसर्गाला न दुखावणारं घर बांधायचं मनावर घेतलं होतं. झाड तोडायचं नाही, उतार सपाट करायचा नाही, वाऱ्याची वाट अडवायची नाही. ताईची अट एकच: आधी या रेघांत दिवसभर राहून बघणार. पटलं तर उद्या पाया खणायचा, नाहीतर नायगावचा फ्लॅट काय वाईट आहे? दाजींची झोप उडाली होती, कारण ताई एकदा नाही म्हणाली की ब्रह्मदेव आला तरी हो म्हणत नाही.

दाजींनी मोठ्या हौसेने घर दाखवलं. फणसासाठी दिवाणखाना वाकला होता. आंब्यापायी झोपायच्या खोलीचा कोपरा गेला होता. मुंग्यांच्या वारुळाला तर चक्क अंगण दिलं होतं! शेजारच्या शेतातून जमनाकाकू आल्या आणि रेघा न्याहाळत म्हणाल्या, "लग्नाचा मांडव घालता का? मग आमी जेवनाला येनार." ताईने त्यांना रीतसर दारातून आत घेतलं आणि जेवायलाच बसवलं.

जेवायला विरारहून आणलेलं भुजिंग (निखाऱ्यावर भाजून पोह्यांत घोळवलेली कोंबडी) होतं. तिखटाने डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात थांबेना. ताई वाढायला म्हणून स्वयंपाकघरात गेली. हे स्वयंपाकघर वारूळ आणि करवंदाच्या जाळीच्या बेचक्यात बसवलेलं. ती वळली की पदर काट्यांत अडकायचा. दाजी मदतीला धावले, पण आत दुसऱ्या माणसाला जागाच नव्हती. मग ते रेघेबाहेर उभे राहून काय हवंय, काय हवंय विचारत राहिले.

ताईने पदर सोडवला. आवाज अजिबात चढवला नाही.

"फणसाला जागा मिळाली, मुंग्यांना मिळाली. या घरात मी कुठे आहे?"

मला दाजींचा असा राग आला म्हणता!

दाजी मग उठले आणि आपल्या वाचायच्या खोलीत गेले. घरातली सगळ्यात मोठी, सावलीची खोली; नोकरीभर याच खोलीची स्वप्नं बघितलेला माणूस. तिची एक भिंत त्यांनी पायाने पुसली आणि फक्कीची पिशवी ताईपुढे धरली.

"इथे ओटा तू काढ. मला काय, कुठेही बसून वाचता येतं."

ताईने पदर खोचला. आंब्याला वळसा तिनेही घातला, पण ओट्यापुढे दोन माणसं आरामात उभी राहतील एवढी जागा सोडली. संध्याकाळी तिने स्वतःच मिस्त्रीला फोन करून उद्या या म्हणून सांगितलं.

परतीच्या वाटेवर मी विचार करत होतो. आपण झाडं जपतो, वाऱ्याची दिशा बघतो आणि जिचा सगळा दिवस त्या घरात जायचा तिला विचारायचं मात्र राहून जातं. दुसऱ्या दिवशी घरी पोचताच बायकोने पोळ्या लाटता लाटता विचारलं, कसं आहे घर? म्हटलं, भिंती अजून नाहीत, पण ओट्याशी आता दोघं मावतात.

तिने आमच्या ओट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि बाजूला सरकून माझ्यापुढे पोळपाट ठेवला.