चिकटवलेली काचळी

पाकिटाला डिंक लावताना त्याचा आंबूस वास आला आणि यवतमाळचे एक जुने चित्रप्रदर्शन आठवले.

चित्रकाराने कॅनव्हासवर वर्तमानपत्रे, कवड्या आणि नेरजवळच्या तांड्यावरून पाहायला म्हणून आणलेली आरशांची काचळी, म्हणजे बंजारा चोळी, चिकटवली होती. आरसे म्हणजे स्त्रीचे भंगलेले अस्तित्व, असे तो सांगत असतानाच काचळीची मालकीण पुढे आली.

"पाह्याले नेलती नं साहेब? माह्या मायनं शिवलेली हाय. लेकीले लग्नात घालाची हाय. अर्थ तुमच्यापाशी ठेवा, काचळी मले द्या."

"आता काढली तर चित्र फाटेल."

त्या क्षणी मला त्याची किळस आली. आज स्वतःची अधिक येते. कारण ती रिकाम्या हातांनी गेल्यावर प्रमुख पाहुणा म्हणून मी त्या चित्रातील प्रतीकांवर वीस मिनिटे बोललो.