एक ट्रक, एक नंबर

माझ्या भाचीचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. गजर साडेपाचचा लावलेला असायचा, पण त्याच्या आधी फोन वाजायचा आणि पलीकडून कुणीतरी एकच वाक्य बोलायचं, "मॅडम, फाटक उघडत नाहीये." मग ती एका हाताने दात घासत दुसऱ्या हाताने लॅपटॉप उघडायची. तिच्या आणि माझ्या खोलीमधली भिंत पातळ. त्यामुळे तिचे साडेचार ते माझेही साडेचार.

घरात तिला सगळे मुंगी म्हणतात. लहानपणापासून सतत काहीतरी उचलून कुठेतरी नेत असते म्हणून. मी तिचा मामा. सरहद्दीवर ट्रकांचं मोठं आवार आहे, तिथे मी हमाली करून निवृत्त झालो. त्याच आवारातली कागदं बंद करून सगळी नोंद संगणकावर आणायचं काम मुंगीकडे आलं. कोणता ट्रक आला, माल काय, तपासला कुणी, गेला कधी, हे एका जागी साठवायचं आणि त्यावरून फाटक आपोआप उघडायचं. ऐकायला सोपं आहे. पोतं उचलणंही ऐकायला सोपंच असतं.

मुलाखतीत तिने व्यापार आणि प्रगती वगैरे सांगितलं. मला खरं सांगितलं.

"मामा, मला तो रविवारी घरी हवा आहे. बाकी व्यापार वाढो नाहीतर राहो."

तो म्हणजे तिचा नवरा, आमचे जावईबापू. याच रस्त्यावर ट्रक चालवतो. सरहद्दीच्या रांगेत आठवडा जायचा, घरी जेमतेम एक दिवस मिळायचा आणि तोही घोरण्यात. त्यांची मुलगी तेव्हा चार वर्षांची. बाबा फोनमध्ये राहतात अशी तिची पक्की समजूत होती. रांग तुटली तर नवरा घरी येईल, एवढं साधं गणित घेऊन मुंगी कामाला लागली.

आता आवारातली रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मोठ्या ट्रकचे दोन भाग असतात. पुढचं इंजिनाचं तोंड, त्याला आम्ही घोडा म्हणतो. मागे मालाचा ट्रेलर. अलीकडचा घोडा सरहद्द ओलांडत नाही. तो ट्रेलर आवारात आणून सोडतो. पलीकडचा घोडा मोकळा येतो, तो ट्रेलर जोडतो आणि घेऊन जातो. अलीकडचा घोडा मागच्या दाराने रिकामा परत फिरतो. म्हणजे जो ट्रक आत येतो तो बाहेर जातच नाही. अर्धा जातो. हे आवारातल्या कुत्र्यालाही माहीत आहे.

मुंगीने पहिल्याच महिन्यात आराखडा केला. घोड्याची नोंद वेगळी, ट्रेलरची वेगळी, मालाची वेगळी, आणि कोण कुणाला कधी जोडलं याची चौथी. खुर्चीत बसून करायचं काम, पण मी पाहिलं आहे, तिची मान संध्याकाळी वळत नसे. ते घेऊन ती बैठकीला गेली. तिथे तीन खाती. जकातवाल्यांना मालाचा नंबर हवा, वाहतूकवाल्यांना घोड्याचा, तपासणीवाल्यांना ट्रेलरच्या दाराला लावलेल्या सिलाचा. तिघेही एकमेकांकडे पाठ करून बसलेले. सगळ्यांच्या वर मोठे साहेब. त्यांनी आराखडा उलटा धरून पाहिला, मग सुलटा धरून पाहिला.

"एवढं कशाला हवंय? ट्रक म्हणजे ट्रक. एक ट्रक, एक नंबर."

"साहेब, पण आत येणारा ट्रक आणि बाहेर जाणारा..."

"एक ट्रक, एक नंबर," साहेब म्हणाले. "लोकांना कळेल असं करा."

नंबर घोड्याचा ठरला. का, ते मुंगीला नंतर चहावाल्याकडून कळलं. नंबर वाचणारे कॅमेरे आधीच विकत घेऊन झाले होते आणि ते फक्त पुढून पाहणारे होते. पुढे घोड्याची पाटी असते. झालं. कॅमेऱ्याला जे दिसतं तेच खरं.

तिने दोनदा लेखी कळवलं. दोन्ही वेळा उत्तर आलं की सूचना विचाराधीन आहे. ते घोंगडं भिजतच राहिलं आणि चाचणीची तारीख आली. चाचणी नीट झाली तर नोकरी पक्की आणि सिस्टीम कायमची. नाही झाली तर मुंगी घरी आणि कागदं परत.

चाचणी सुरू झाली आणि फाटक बंद पडलं. बंद म्हणजे बिघडलं नव्हतं, सांगितलं होतं तेच करत होतं. अलीकडचा घोडा आत आला, त्याचा नंबर मालासकट चढला. पलीकडचा घोडा तो माल घेऊन बाहेर निघाला, कॅमेऱ्याने त्याची पाटी वाचली आणि फाटकाने हा कोण असं विचारलं. फाटकावरचा रखवालदार हाताने दांडा उचलायचा, तर साहेबांनी दांड्यालाच कुलूप घातलं. चाचणी म्हणजे चाचणी, हात लावायचा नाही. रांग टेकडीपलीकडे गेली. ड्रायव्हर लोक मुंगीला फाटकवाली म्हणायला लागले.

"फाटकवाली, आज उघडणार का, की पोरांच्या लग्नाला इथूनच आशीर्वाद देऊ?"

"फाटकवाली, नवऱ्याला तरी सोडलंस का?"

नवराही त्याच रांगेत होता. तिने फोन केला की तो म्हणायचा, "मॅडम, आमचा नंबर कधी लागेल?" तिला हसू यायचं नाही.

साडेचारच्या फोनांचा तिला इतका वैताग आला होता की एका सकाळी फोन वाजला नाही तेव्हा ती घाबरून उठली. स्क्रीनवर पाहिलं तर फाटक उघडत होतं. ट्रक आत येत होते, बाहेर जात होते, नंबर जुळत होते. आदल्या दिवशीपर्यंत एकही जुळत नव्हता. तिने स्वतःचं काम उघडून पाहिलं, तिने काहीच बदललं नव्हतं.

"मामा, हे चाललंय कसं?"

"चाललंय ना? मग चहा घे."

"आपोआप काही चालत नाही," ती म्हणाली. हे मात्र ती माझ्याकडून शिकली आहे.

मोठे साहेब खूश. त्यांनी वर कळवून टाकलं की सुरुवातीच्या किरकोळ अडचणींवर मात केली आहे. स्क्रीनवर आवार जवळजवळ रिकामं दिसत होतं. रांग मात्र टेकडीच्या आणखी पलीकडे गेली होती. साहेब म्हणाले, रांग हा सवयीचा भाग आहे, कमी व्हायला वेळ लागतो.

मुंगीने नवऱ्याच्या घोड्याचा नंबर टाकून पाहिला. बाहेर गेला, पलीकडे पोचला, कालच. तो फोनवर म्हणत होता, आवारात आहे. तिला ते काही पटेना. डबा घेऊन ती खाली आवारात गेली. मीही गेलो, डब्याची दुसरी पिशवी माझ्याकडे होती.

जावईबापू उलट्या बादलीवर बसून कांदा सोलत होते.

"तू देशाबाहेर आहेस," मुंगी म्हणाली.

"मग डबा कुणासाठी आणलास?"

तिने त्याच्या घोड्याकडे पाहिलं. पुढे पाटी नव्हती. चार स्क्रूची भोकं तेवढी होती. तिने शेजारच्या घोड्याकडे पाहिलं. त्यालाही नव्हती. आवारभर घोडे उभे, एकालाही नाक नाही.

युक्ती आमच्या जावईबापूंची. फाटक आत आलेल्या नंबरालाच उघडतं ना, मग तोच नंबर बाहेर जाऊ दे. त्याने आपली पाटी काढली, पलीकडच्या ड्रायव्हरला दिली, त्याने ती लावली आणि फाटक उघडलं. दुपारपर्यंत सगळ्या आवारात पाना फिरला.

"पाटी परत कोण आणतं?" मुंगीने विचारलं.

"पुढच्या फेरीला तोच आणतो."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत बसायचं. बिनपाटीचा घोडा रस्त्यावर काढला तर पोलीस धरतात." तो कांद्याकडे पाहत म्हणाला. "माझी पाटी नेणारा आठवड्याने येतो म्हणाला होता. वाटेत त्याचा गिअरबॉक्स गेला."

मुंगीने कपाळावर हात मारला. मी डब्याची पिशवी खाली ठेवली. जावयाला रागावता येत नाही, ही एक अडचणच आहे.

"तुझी चाचणी पास व्हावी म्हणून केलं," तो म्हणाला.

"झाली पास. आता सही करायची आहे मला. सिस्टीम बरोबर चालते म्हणून."

म्हणजे काय ते तिघांनाही कळत होतं. सही केली की नोकरी पक्की, पण मग पाट्यांचा हा खेळ कायमचा आणि नवरा कायमचा बादलीवर. सांगून टाकलं तर चाचणी बुडाली, नोकरी गेली. वर पाट्या फिरवल्या म्हणून ड्रायव्हरांचे परवाने जाणार, आणि पहिला याचा.

"काय करू?" तिने विचारलं.

"मला काय विचारतेस, मी तर देशाबाहेर आहे."

"चेष्टा बास."

तो कांदा खाली ठेवून म्हणाला, "पोरीने काल फोनवर मला विचारलं, बाबा, तुम्ही चार्जिंगला लागता का. सांगून टाक. परवाना गेला तर गेला, भाजी विकेन, पण घरी येऊन विकेन."

त्या दुपारीच पलीकडच्या बाजूच्या नोंदवाल्या बाईंचा फोन आला. दोघींचं रोजचं बोलणं होतं, एकमेकींना ताई म्हणतात, दोघीही मनातल्या मनात एकाच तऱ्हेच्या माणसाला शिव्या देतात, फक्त त्यांचे साहेब वेगळे आहेत.

"ताई, तुमच्या पाट्या माझ्या केबिनमध्ये टाकून जातात गं लोक. म्हणतात, पुढच्या कुणाकडे द्या. मी काय पोस्ट आहे का? पाय ठेवायला जागा नाही."

"क्रेटमध्ये भरून पाठवा सगळ्या," मुंगी म्हणाली.

क्रेट आला. दोघांना उचलेल असा. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाली, "मामा, तुमची कंबर," आणि एका बाजूला स्वतः लागली, दुसऱ्या बाजूला रखवालदाराला लावलं. साहेबांच्या टेबलावर तो ठेवला तेव्हा पेनं उडाली. हे मला रखवालदाराने सांगितलं, आणि तो तिखटमीठ लावणाऱ्यातला नाही.

"हे काय?"

"बाहेर गेलेले ट्रक, साहेब. तुमच्या अहवालातले. ते सगळे खाली उभे आहेत."

साहेबांची खिडकी मागच्या बागेकडे उघडते. त्यामुळे त्यांना उठून जिना उतरावा लागला. आवारात ते पहिल्यांदाच आले असावेत, कारण डिझेलच्या थारोळ्यात सरळ पाय घातला. नाक नसलेल्या घोड्यांच्या रांगांमधून ते हळूहळू चालत गेले. ड्रायव्हर उठून उभे राहिले. कुणी टिंगल केली नाही.

"हे सुरू कुणी केलं?" साहेबांनी विचारलं.

"मी," मुंगी म्हणाली. "एक ट्रक एक नंबर असं मी बांधलं, म्हणून हे झालं."

"मी, साहेब," मागून जावईबापू म्हणाले. "पहिली पाटी माझी."

मुंगीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याच्या जागी मी असतो तर घोड्याखाली शिरलो असतो. एवढी ती मान पुढे करून उभी राहिली आणि हा शहाणा तिच्यापुढे येऊन उभा.

साहेब बुटाला लागलेलं डिझेल जमिनीवर घासायला लागले. कुणी केलं ते लिहायचं तर काय झालं तेही लिहावं लागणार, आणि मात केली असं तर वर जाऊन बसलेलं.

"कुणी सुरू केलं हे लिहायची गरज नाही," ते म्हणाले. "तुमचा तो पहिला आराखडा आहे का अजून?"

होता. तो फेकून द्यायला ती काही साहेब नव्हती.

एवढ्यावर सगळं सुरळीत झालं असं कुणाला वाटत असेल तर त्याने सरकारी खरेदी पाहिलेली नाही. ट्रेलरची पाटी वाचायला मागचे कॅमेरे हवेत, तर त्याला तीन खात्यांच्या सह्या. कॅमेरे आले तर खांब नाहीत. खांब आले तर बुटके, कॅमेऱ्याला चाकंच दिसायची. मुंगीचे साडेचार साडेचारच राहिले. दांड्याचं कुलूप मात्र निघालं, रखवालदार हाताने उचलायचा आणि मुंगी त्याची नोंद हाताने चढवायची. पाट्या आपापल्या घोड्यांवर गेल्या. जावईबापूंची शेवटी आली, मधोमध वाकलेली. हातोडीने ठोकून मी सरळ केली.

मग एकदा फाटक स्वतःहून नीट चालायला लागलं. घोडा वेगळा, ट्रेलर वेगळा, माल वेगळा. टेकडीपलीकडची रांग टेकडीच्या अलीकडे आली, मग आवाराच्या भिंतीशी. समारंभात साहेब म्हणाले की घोडा आणि ट्रेलर वेगळे धरावेत असं ते पहिल्यापासून सांगत होते. मुंगीने टाळ्या वाजवल्या. घरी येऊन तिने भांडी घासली, नेहमीपेक्षा जरा जोरात. नोकरी पक्की झाली नाही, कंत्राट वाढलं.

पण जावईबापू रविवारी घरी यायला लागले. शनिवारी रात्री येतात, सोमवारी सकाळी जातात. पोरगी पहिले काही रविवार लांबूनच बघायची, मग एकदा तिने त्यांच्या पोटाला बोट लावून पाहिलं आणि आता अंगावरून उतरायचं नाव घेत नाही.

तेव्हा लक्षात आलं की त्यांच्या खोलीत तिघांना झोपायला जागाच नाही. एक अरुंद कॉट, त्यावर मायलेकी. तिसरं माणूस नेमाने मुक्कामाला येईल असा विचार ती खोली मांडताना कुणी केलाच नव्हता. मुंगीने त्या सगळ्या साडेचारांच्या पगारातून रुंद पलंग घेतला, चांगल्या लाकडाचा. जिन्यातून वर न्यायला मी आणि जावईबापू लागलो, आणि वळणावर तो आपली बाजू नीट धरत नव्हता हे इथे लिहून ठेवतो.

पलंगावर पोरगी आडवी झोपते, मुंगी कडेला. जावईबापू खाली चटईवर. ट्रकच्या केबिनमधल्या फळीची सवय आहे, मऊ लागलं की झोप येत नाही म्हणतात.