बेलीफकाकांचा अर्ज

बेलीफकाकांनी तीस वर्षं लोकांना घराबाहेर काढलं आणि निवृत्त झाल्यावर लोकांना घरात ठेवायचं काम हाती घेतलं. त्यांचं हृदयपरिवर्तन वगैरे झालं असा कुणाचा समज असेल, तर तो माणूस काकूंना भेटलेला नाही.

"दिवसभर घरी बसून माझ्या डोक्यावर मिरे वाटायचे," काकू सांगतात. "शेवटी म्हटलं, एवढी घरं रिकामी केलीत, आता जरा भरलेली बघून या."

कोर्टाचा बेलीफ म्हणजे निकालाचा कागद घेऊन दारात उभा राहणारा, सामान रस्त्यावर काढणारा आणि जागा मालकाच्या ताब्यात देणारा माणूस. त्यामुळे घर कसं जातं हे काकांना तोंडपाठ. कागदावर कारण थकलेल्या भाड्याचं असतं. खरं कारण जिन्यात उभी केलेली सायकल असते, नाहीतर भाडेकरणीने मालकिणीच्या नव्या चपलांकडे न बघणं असतं. म्हणून काकांची पद्धत सोपी. प्रकरण कोर्टात जायच्या आत मालकाकडे जायचं, समोर बसायचं आणि त्याला बोलू द्यायचं. पहिल्या चहाला मालक भाडेकरूची सात पिढ्यांची कुंडली मांडतो. तिसऱ्या चहाला म्हणतो, "तशी माणसं वाईट नाहीत हो." तिथे काका उठतात. या चहांवर सहा वर्षांत एक्केचाळीस कुटुंबं जागच्या जागी राहिली आणि काकांना कायमची आम्लपित्ताची गोळी लागली.

बेचाळिसावं प्रकरण शिवणवालीचं. ती विधवा होती. घरात म्हातारे सासरे आणि शिलाई मशीन. ज्या कारखान्याचे कपडे शिवायची तो बंद पडला आणि भाडं मागेपुढे व्हायला लागलं. मालक वरच्या मजल्यावर राहायचा. त्याने काकांना तीन चहा पाजले, पण तो विरघळला नाही.

"तुमच्या शब्दाला मान आहे, काका. पण शब्द मला बँकेत भरता येत नाही. महापालिकेची मान्यता असलेल्या संस्थेची लेखी हमी आणा, बाईला वर्षभर हात लावत नाही. महिनाअखेरपर्यंत आणा. नाहीतर मी कोर्टात."

मान्यता मिळायची ती महापालिकेच्या नव्या अनुदानातून. लोकांची घरं टिकवणाऱ्या, त्यांना बेघर होऊ न देणाऱ्या संस्थांसाठी ते जाहीर झालं होतं. काकांची संस्था म्हणजे काका, एक रबरी शिक्का आणि सह्यांपुरत्या दोन निवृत्त शिक्षिका. पण नोंदणी होती. काकांनी चाळीस पानी अर्ज भरला आणि माहितीच्या सभेला गेले.

सभागृहात पुढच्या तीन रांगा एका मोठ्या संस्थेने अडवल्या होत्या. सगळ्यांची जाकिटं एका रंगाची. त्यांचे संचालक बोलायला उठले, ते बसायचं विसरले. "बेघरतेकडे आम्ही एक प्रवास म्हणून पाहतो," ते म्हणाले.

"मीपण पाहिलाय," काका शेजारच्याला म्हणाले. "सामान टेम्पोत असतं."

ज्यांनी उभ्या जन्मात कुणाचं गाठोडं उचललं नाही, त्यांनी त्या दिवशी बेघरतेची सात वर्तुळं, चार स्तंभ आणि एक पिरॅमिड पडद्यावर दाखवला. अनुदान वाटणारे महापालिकेचे अधिकारी, म्हणजे अनुदानसाहेब, प्रत्येक स्तंभाला मान डोलावत होते. मान डोलावण्यात त्यांचा हात धरणारा सबंध इमारतीत कुणी नव्हता.

आठवड्याने काकांना साहेबांनी बोलावलं. टेबलावर अर्ज होता आणि त्याला जोडलेले फोटो. नियमच होता, प्रत्येक कुटुंबाचा संस्थेच्या मदतीपूर्वीचा एक फोटो आणि नंतरचा एक.

"काका, हे काय? दोन्ही फोटो सारखेच!"

"सारखेच असणार."

"पहिल्यात हे कुटुंब घरात बसलंय."

"हो."

"दुसऱ्यातही घरातच बसलंय. त्याच घरात!"

"त्याचेच तर पैसे देताय ना तुम्ही?"

साहेबांनी चष्मा काढला. न समजल्यावर चष्मा काढायचा, असं त्यांना नोकरीला लागताना कुणीतरी शिकवलं असावं. "बदल दिसला पाहिजे हो. समितीसमोर काय ठेवू मी? जाकीटवाल्यांचे बघा, पहिल्या फोटोत माणूस फुटपाथवर, दुसऱ्यात हातात ब्लँकेट. याला म्हणतात परिणाम."

"म्हणजे तो अजून फुटपाथवरच आहे."

"पण ब्लँकेट आहे ना!" मग साहेब आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही भले आहात म्हणून सांगतो. एका तरी घराचं सामान जरा बाहेर काढा. फोटोपुरतं. मी स्वतः येतो, फोटो काढतो, दहा मिनिटांत सगळं आत."

तीस वर्षांत काकांना भल्याभल्यांनी धमक्या दिल्या, पण इतका निर्लज्ज सल्ला कुणी दिला नव्हता. ते उठलेही होते. पण महिना संपायला नऊ दिवस होते. ते पुन्हा खाली बसले.

शिवणवालीला त्यांनी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही आहात ना समोर? मग काढा." सासऱ्यांनी मात्र खाटेवरून उठायला साफ नकार दिला. "फोटो तुमचा, पाठ माझी. मी हलायचो नाही."

ठरल्या दिवशी दुपारी साहेब कॅमेरा गळ्यात अडकवून हजर झाले. काकांनी बाह्या सरसावल्या. आणि हात लागल्याबरोबर जुनं अंग जागं झालं. आधी पलंग, मग कपाट, भांडी गोणीत, मशीन सर्वांत शेवटी, कारण बायका मशीनला मिठी मारतात. अकरा मिनिटांत म्हाताऱ्याची खाट सोडून सगळं रस्त्यावर! साहेब खूष होऊन फोटो काढत होते आणि शिवणवालीला म्हणत होते, "जरा रडवेल्या दिसा ना, बाई."

मशीन बाहेर आलं आणि काकांनी सवयीने दार ओढून घेतलं, पाठ दाराला लावली आणि तीस वर्षं जे हजारदा म्हटलं ते खणखणीत आवाजात म्हटलं,

"जागा रिकामी! ताबा मालकाला दिला!"

आपण काय बोललो हे त्यांना कळलं तेव्हा वरच्या मजल्यावरून चपलांचा आवाज सुरू झाला होता. मालक खाली आला. त्याने आधी सामान पाहिलं, मग काकांना, मग कॅमेरावाल्या अधिकाऱ्याला. वर गेला आणि कुलूप घेऊन आला.

"अहो, हे फक्त फोटोपुरतं होतं," काका घाईघाईने म्हणाले.

"काका, कोर्टाचा बेलीफ ओरडून ताबा देतो, महापालिकेचा अधिकारी साक्षीला उभा आहे. आणखी काय पाहिजे मला?"

काकांनी आशेने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी चष्मा काढला. "तुमच्या आपसातल्या बाबीत विभागाला पडता येणार नाही."

शिवणवालीला आता रडवेलं दिसायला कुणाला सांगावं लागलं नाही.

मालकाने कडी लावली, कुलूप अडकवलं. तेवढ्यात आतून आवाज आला, "लावताय तर लावा. पण माझी तीनची गोळी कोण देणार ते आधी ठरवा."

मालक दचकला. "आत कोण आहे?"

"ताबा!" म्हातारा म्हणाला.

काकांच्या जिवात जीव आला. आत माणूस असेल तर जागा रिकामी नाही आणि रिकामी नाही तर ताबा नाही, हा नियम त्यांनीच शेकडो मालकांना समजावला होता. आता आणखी एकदा समजावला. मालक कुलूप काढून ते हातात घेऊन पायरीवर बसला आणि हळूहळू हसायलाच लागला. काकांनी सामान आत ठेवलं. त्याला मात्र दीड तास लागला, कारण ही बाजू त्यांच्या सवयीची नव्हती.

अनुदानाचं पत्र महिना संपायच्या आदल्या दिवशी आलं. "अर्जदार संस्थेच्या कार्यामुळे लाभार्थींच्या निवासस्थितीत कोणताही बदल झाल्याचे दिसून येत नाही. सबब अर्ज नामंजूर." अनुदान गेलं जाकीटवाल्यांना. माणसं बेघर का होतात, याचं ते दोन वर्षं सर्वेक्षण करणार होते.

काका काकूंना घेऊन मालकाच्या घरी गेले आणि पत्र त्याच्या पुढ्यात ठेवलं. त्याने ते दोनदा वाचलं.

"आणि अशा लोकांची हमी मागत होतो मी?" तो म्हणाला. "पण काका, माझा प्रश्न तिथेच आहे. बाईचं भाडं चुकलं तर?"

"माझं राहतं घर आहे. त्यावर हमी लिहून देतो. घर दोघांच्या नावावर आहे, म्हणून हिला आणलंय."

मालकाने कागद पुढे केला. काकांनी सही केली. काकूंनी तो खालपासून वरपर्यंत आणि वरपासून खालपर्यंत वाचला.

"लोकांचे नवरे निवृत्त झाल्यावर बागकाम करतात," त्या म्हणाल्या आणि काकांच्या हातातलं पेन ओढून घेऊन सही केली.