पुलाखालचं भूत आमच्याच घरी जेवायचं

नदीवर रात्री भुतांची बोट फिरते, तिच्यात बसून आलेली माणसं आमच्या गल्लीतही आहेत. लोखंडी पुलाखाली पांढरं भूत कसं उभं होतं, त्यानं कसा सावकाश हात वर केला, हे ती माणसं मला डोळे मोठे करून सांगायची. मी ऐकून घ्यायची. ते भूत संध्याकाळी माझ्या हातचं जेवून, गळ्याला मफलर गुंडाळून, "येतो वहिनी" म्हणून गेलेलं असायचं, हे त्यांना कशाला सांगा? भूत म्हणजे माझे धाकटे दीर.

भावजींचा मूळ धंदा रंगाऱ्याचा. उंची अशी की ओळखीचे सगळे त्यांना शिडी म्हणायचे, आणि पडले ते शिडीवरूनच. एका शाळेच्या जिन्यात छताला चुना मारत होते, खालून शिडी सरकली, मांडीचं हाड मोडलं. जुळलं, पण वाकडं जुळलं. तेव्हापासून चढायचं काम बंद, आणि न चढणाऱ्या रंगाऱ्याला कोण बोलावतं? लग्न झालं नव्हतंच. दोनदा ठरत आलं होतं, दोन्ही वेळा मुलीकडच्यांनी आमच्या दोन खोल्या पाहिल्या, माणसं मोजली आणि चहा अर्धाच टाकून उठले. मग भावजींनी तो विषय सोडला. पुढच्या खोलीत दाराजवळची खाट त्यांची, तिच्याखाली रंगाचे रिकामे डबे. अजूनही तिथेच आहेत.

माझी तिन्ही मुलं त्यांनी झोपवली. मी मागे भांडी घासत असायची, आमचे हे अजून कामावरून यायचे असायचे आणि पुढे भावजींचा आवाज चालू असायचा. गोष्टी सगळ्या भुतांच्याच. पण त्या भिववायच्या नाहीत. आवाज एकेक पायरी उतरत गेल्यासारखा खाली खाली जायचा. भूतसुद्धा बिचारं दमलेलं आहे, त्यालाही कुठेतरी पाठ टेकायची आहे, असं वाटायचं. मी हात पुसत बाहेर येईपर्यंत तिघं गाढ झोपलेली आणि भावजी कुणाच्या तरी पायावर पांघरूण ओढताहेत. "झोपली" एवढंच म्हणायचे, ते सुद्धा मोठी कामगिरी केल्यासारखं. पुढे त्या मुलांची मुलं आली, तीही अशीच झोपली. गल्लीतल्या बायका आपली हट्टी पोरं आणून सोडायच्या आणि खांद्यावर टाकून न्यायच्या.

त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट नावाड्याची. पूल नव्हता तेव्हा तिथे एक नावाडी होता. पूल झाला, उतारू गेले, तरी हा रोज रात्री दिवा लावून नावेत बसून राही. एका रात्री पलीकडून एक बाई हाक मारते. तिच्या डोक्यावर बोचकं. ती नावेत बसते, आणि नाव मध्यावर येते तशी जड होत जाते. भांड्यांच्या आवाजातून मला ऐकू आलेली गोष्ट एवढी.

बोटवाला मालक आधी वाळू वाहायचा. वाळू बंद झाली तेव्हा माणसं वाहायला लागला, आणि दिवसा कुणी येईना म्हणून रात्री, भुतं दाखवायला. गोष्टी सांगायला माणूस हवा आहे असं भावजींच्या कानावर आलं. त्या दिवशी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. आयुष्यात एवढी एकच नोकरी त्यांनी तोंडानं मागितली असेल. मालकानं त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं, वरपर्यंत पाहायला जरा वेळ लागतो, आणि म्हणाला की गोष्टी सांगायला माइकवाला ठरलाय, पण तू तर भुताच्याच मापाचा आहेस. भावजी हो म्हणून आले. आमचे हे म्हणाले, "चला, मेल्यावर करायचं काम आधीच मिळालं." भावजी हसले. त्यांचा हिशेब असा होता की पुलापासून बोटीपर्यंत अंतर फारसं नाही, आज ना उद्या मालक आपलं ऐकेल.

काम सोपं नव्हतं हो. अंधार पडताना छोट्या होडीतून त्यांना पुलाच्या खांबाशी सोडायचे. पाण्यालगत दगडी चौथरा आहे, दोन माणसं उभी राहतील एवढा. तिथे अंगावर चादर, तोंडाला खडूची पूड, हनुवटीखाली टॉर्च. खोकायचं नाही, विडी ओढायची नाही, बसायचं नाही. वाकडा पाय घेऊन शेवटच्या फेरीपर्यंत उभं राहायचं. वर कबुतरांची वस्ती, त्यामुळे ती चादर मला रोज भिजत घालावी लागे. बोटीतली माणसं आधी किंचाळायची आणि मग धीर आला की शेंगांची टरफलं फेकायची. एकदा कुणीतरी बाटली फेकली, कपाळाला खोक पडली. मालकाला पंचाईत एवढीच की कपाळाला पट्टी बांधलेलं भूत कसं दाखवायचं.

या कशाचं त्यांना फारसं वाटायचं नाही. वाटायचं ते माइकवाल्याचं. तो शिकलेला, तरणाबांड, बूट चकचकीत. तोही नावाड्याचीच गोष्ट सांगायचा, नदीकाठी ती सगळ्यांना ठाऊक आहे. पण दोन वाक्यांत नावाडी मारायचा आणि टॉर्चकडे बोट दाखवायचा. भावजी घरी येऊन चिडायचे. "वहिनी, तो घाई करतो. माणूस मरायच्या आधी त्याला जरा जगू तर द्यावं की नाही?" मी म्हणायची, तुम्ही सांगाल तेव्हा द्या जगू.

आणि ती वेळ आली. माइकवाल्याचा घसा बसला, आणि वर त्याचं मालकाशी कशावरून तरी वाजलं. मालक भावजींना म्हणाला, उद्या तू सांग. लोकांना आवडली तर माइक कायमचा तुझा, त्या शहाण्याची मला गरज नाही. फक्त तुझ्या जागी भूत तूच आण.

भावजी घरी आले ते स्वयंपाकघरात पाटावर येऊन बसले आणि नखानं जमिनीवर रेघा ओढत राहिले. शेवटी माझ्याच लक्षात आलं. माझा मुलगा रात्रपाळीला, यांना पाण्याची भीती, सून लहान मुलीला सोडून कशी जाणार? हे म्हणाले, "तूच जा. तुला तर चादरसुद्धा लागणार नाही." इतकी वर्षं संसार केला की माणूस असलं बोलतं. मी म्हटलं, जाते.

दुसऱ्या दिवशी भावजींनी मला समजावलं. गोष्ट घाटावर सुरू होणार, बोट पुलाखाली येईपर्यंत चालणार. बोचक्यात काय होतं हे ते सांगतील, त्याच शब्दाला मी हात वर करायचा. मी विचारलं, काय होतं बोचक्यात? म्हणजे मी लक्ष ठेवीन. ते म्हणाले, "ते तिथे कळेलच की." डोळे नुसते चमकत होते. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या लग्नाची बोलणी चालू होती तेव्हासुद्धा नाही.

तर मी चौथऱ्यावर उभी राहिले. खाली काळं पाणी, वर पुलावरच्या गाड्यांची धडधड, चादरीला माझ्याच साबणाचा वास. गुडघे म्हणत होते बस, आणि बसायचं नाही. बोटीचं इंजिन लांबून ऐकू आलं आणि बंद झालं, बोट प्रवाहाबरोबर येऊ लागली. माइक भावजींनी बाजूला ठेवला होता. तोच आवाज, पुढच्या खोलीतला. बोट माणसांनी भरलेली होती आणि कुणी हूं की चूं करत नव्हतं. गोष्टीतली नाव जड होत होती, पाणी तिच्या काठाला लागत होतं. मला ठाऊक होतं की हे आमचे भावजी आहेत, तरी चादरीच्या आत माझ्या अंगावर काटा आला. मनात म्हटलं, मिळाला माइक.

"नावाडी म्हणाला, बाई, नाव बुडते आहे. आता तरी उघड ते बोचकं."

मी हात तयार ठेवला. भावजी थांबले.

आधी सगळ्यांना वाटलं, मुद्दाम थांबलेत. मलाही वाटलं, काय ताणून धरलंय यांनी. मग ते थांबणं लांबत गेलं. एका बाईनं हळूच "मग?" म्हटलं. एक पुरुष म्हणाला, "काय होतं हो त्यात?" बोट जराशी वळली आणि तिच्यावरच्या दिव्यात मला भावजींचा चेहरा दिसला. ते एकेका माणसाकडे वाकून बघत होते. कुणी झोपलंय का, ते बघत होते. सगळे टक्क जागे होते, माना पुढे करून बसले होते.

"इथवर कुणी जागं राहत नाही," भावजी म्हणाले.

लोकांना वाटलं विनोद केला. हसले. पुन्हा विचारायला लागले, काय होतं, काय होतं. भावजींचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मला ते बघवेना. मी चादरीतूनच ओरडले, "भावजी, काहीही सांगून टाका."

मग काय विचारता. बोट हसून हसून डुलायला लागली. कुणीतरी म्हणालं, "अहो, भूत तर यांची वहिनी आहे." मी हात वर केला की खाली, मला आता आठवत नाही. मालक मागे बसला होता. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं नुसतं इंजिन सुरू केलं.

आम्ही चालत घरी आलो. पाय ओढत ते पुढे, मी मागे, काखेत चादर. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर म्हणाले, "मला माहीत आहे असंच वाटायचं, वहिनी. इतकी वर्षं."

मी म्हटलं, आठवेल.

"आठवायला आधी असावं लागतं."

मग मी त्यांना त्यांच्याच दुसऱ्या, विहिरीच्या गोष्टीबद्दल विचारलं, आंधळ्या शिंप्याच्या भुताबद्दल विचारलं, शेवटी काय होतं त्यांत? ते तसेच पाय ओढत पुढे चालत राहिले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पोरं झोपली की पांघरूण ओढायचं आणि गप्प व्हायचं, गोष्ट तिथेच राहायची. दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून. शेवटापर्यंत जायची त्यांना कधी वेळच आली नव्हती. आणि मी? मी तर तेवढ्यात हात पुसत यायची.

माइकवाल्याचा घसा सुटला, मालकाशी गोडी झाली. मालकानं पुलाखाली कापडी बाहुला उभा केला, आत दिवा, दोरी ओढली की हात वर. बाहुल्याला जेवायला लागत नाही, वहिनी लागत नाही. भावजींना निरोपसुद्धा आला नाही. आला तो पुढे, बाहुल्याचं तोंड ओलीनं आणि कबुतरांनी काळं पडलं तेव्हा. चढायचं काम नाही, बसून रंगव, असं मालकानं कळवलं होतं. मी म्हटलं, जाऊ नका. ते गेले. खाटेखालून कुंचा काढला, चौथऱ्यावर बसून बाहुल्याला पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले, सुकेपर्यंत थांबले आणि आले. चांगला झालाय म्हणाले. अजूनही अधूनमधून जातात.

मधले काही महिने त्यांनी शेवट शोधला. दुपारी खाटेवर बसून पुटपुटायचे. मला बोलावून सांगायचे. बोचक्यात दगड होते. बोचक्यात मूल होतं. बोचक्यात नावाड्याचेच कपडे होते. मला सगळेच बरे वाटायचे, मी म्हणायची हाच घ्या. ते मान हलवायचे. म्हणायचे, हा दुसऱ्या कुणाच्या तरी गोष्टीचा आहे, आपल्या नावेला लागत नाही.

मग माझी थोरली लेक राहायला आली. मी मूर्खासारखं तिला सहज विचारलं, काका गोष्ट सांगायचे त्यात बोचक्यात काय होतं गं? ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "तिच्या घराच्या किल्ल्या. इतक्या किल्ल्या की नाव बुडाली. काकांनीच तर सांगितलंय." झोपेत स्वप्न बघितलं असणार तिनं. भावजी दारातच उभे होते. मला वाटलं, खूश होतील, चला, मिळाला एकदाचा. ते म्हणाले, "मी हे कधी सांगितलं नाही." आणि खाटेकडे वळता वळता, "माझ्यावाचूनही झाली पुरी." त्या दिवसापासून पुटपुटणं बंद झालं.

धाकटी नात आता चार वर्षांची आहे आणि झोपायला महाकठीण. पहिल्या पहिल्यांदा त्यांच्या मागे लागायची, आजोबा गोष्ट. ते म्हणायचे पाय दुखतोय. एकदा मीच म्हटलं, अहो, लहान आहे, सांगा की, झोपेल अर्ध्यात. तर माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मी त्यांना पुन्हा त्या बोटीत बसवत होते. म्हणाले, "आणि नाही झोपली तर?"

आता जेवणं झाली की ते बाहेर पायरीवर जाऊन बसतात. थंडी असली तरी बसतात. नात आत जागी आहे तोवर घरात पाऊल टाकत नाहीत. मधूनमधून दाराच्या फटीतून विचारतात, झोपली का? मी नाही म्हणते. परत विचारतात. हो म्हटलं की मग दार उचलून, आवाज न करता आत येतात आणि भिंतीकडे तोंड करून पडतात.