साहेबांचा नारळ आणि माझी कयाक

नारळ फुटला तेव्हा आवाज दोन आले. टाळ्यांच्या गडबडीत दुसरा फक्त मला ऐकू आला.

माझा कान तयार आहे. वाळूजच्या एका कंपनीत मी वीस वर्षं फायबरच्या टाक्या घडवल्या. फायबर म्हणजे काचेच्या धाग्याचं कापड, त्यावर रेझिन नावाचा चिकट रस; वाळला की कडक. रिटायर होऊन गंगापूरकडच्या आमच्या गावी आले. मोबाइलवर व्हिडिओ बघून धरणाच्या फुगवट्यात कयाक चालवायला शिकले आणि दोघांची एक कयाक घरीच घडवली. कयाक म्हणजे शेंगेसारखी निमुळती होडी. पाहुण्यांना फिरवायचं तर परवानगी लागते. त्यासाठी तपासणीचे साहेब आले होते. सही झाली नसती, तर कयाक अंगणात म्हशीला पाणी पाजायच्या कामी.

सरपंच म्हणाले, "आधी साहेबांच्या हातानं उद्घाटन, मग तपासणी."

साहेबांनी नारळ थेट कयाकच्या नाकावर आपटला. आमच्याकडं नवा ट्रॅक्टर आला तरी नारळ लोखंडावरच फुटतो. फायबरला हे चालत नाही, हे कुणाला सुचलं नाही. मलाबी नाही, कबूल करते.

कयाकवर सांडलेलं पूजेचं कुंकू पुसायचं निमित्त करून वाकून बघितलं. बोटभर तडा.

"साहेब, उद्या बसा ना."

"आक्का, आता भेव वाटतं व्हय?" सरपंच हसले. "बसा साहेब, पुढं बसा. फोटो लई झकास येतो."

पुढं साहेब म्हणजे नाक पाण्यात आणि पाणी आत. साहेब वजनाला माझ्या दुप्पट. मागं बसले तर नाक वर राहील, तडा कोरडा.

"साहेब, तुम्ही मागं बसा."

"आक्का, साहेबांना मागं? ही काय फटफटी हाय का?"

"भाऊ, स्टिअरिंग मागच्याच्या हातात असतं. पुढचा नुसता वल्हं हाणतो."

साहेब लगेच मागं जाऊन बसले.

लाइफ जॅकेट चढवली. काठाकाठानं, कमरेएवढ्या पाण्यातूनच निघालो. साहेबांनी स्टिअरिंग असं केलं, की कयाक सरळ बेशरमाच्या झुडपात. नाक दबलं आणि माझ्या पायाला गार लागलं.

"मावशी, पाणी कुठून आलं?"

"तुमच्या नारळातून, साहेब."

मग सगळं सांगितलं.

"आधी का नाही बोललात?"

"सगळ्यांदेखत फोडलात. सगळ्यांदेखत कसं सांगू? आणि सही व्हायची होती."

"चूक केलीत."

"व्हय, केली."

"मीही केली. आता वल्हवा. मला गावासमोर बुडायचं नाही."

काठावर सरपंचांनी विचारलं, "कशी वाटली साहेब, कयाक?"

"उत्तम," साहेब म्हणाले. बुटातून पाणी निथळत होतं.

फॉर्मवर 'होडीची स्थिती' असा रकाना होता. साहेबांनी पेन हातात धरून बराच विचार केला आणि लिहिलं, 'उद्घाटनापूर्वी उत्तम.' खाली अट घातली, तडा बुजवून फोटो पाठवावा, तोवर कुणाला बसवू नये. मग सही.

तडा मी दोन दिवसांत बुजवला. त्याच आठवड्यात काठावर एक दगड आणून रोवला. आता कुणी नारळ घेऊन आलं, की आधी दगड दाखवते, मग लाइफ जॅकेट.